ताऱ्यांचं वाण

वहिनी,

आज दुपारी मी घरीच आहे. मरोळला कंपनीत फोन करून सांगितलं की अंगात कणकण आहे, आज येत नाही. कणकण वगैरे काही नाही. जेवले, गॅलरीत चटई टाकली आणि पडून राहिले. समोरच्या पिंपळातून ऊन खाली झिरपतं आणि फरशीवर गोल गोल कवडसे पडतात, ते बघत होते. पानं सगळी टोकदार, मधल्या फटी वाकड्यातिकड्या, आणि कवडसे मात्र गोल. असं का गं, म्हणून मी तुला एकदा विचारलं होतं, तर तू निवडती मेथी तशीच टाकून बाहेर आली होतीस. फट कशीही असली तरी खाली चित्र सूर्याचंच उमटतं, प्रत्येक कवडसा म्हणजे एक सूर्य, असं सांगून तू माझ्याकडे बघून म्हणालीस की तुझ्या पोटावर आत्ता अकरा सूर्य आहेत. मी मोजले. खरंच अकरा होते.

आज मोजायचा धीर झाला नाही. डोळा लागता लागता वाटलं, तू आत टेबलाशी बसून वह्या तपासते आहेस. पान उलटल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला. हल्ली असंच होतं. पेंग आली की घर भरतं आणि जाग आली की रिकामं होतं, आणि त्या मधल्या मिनिटभरात मला कुठलं घर खरं तेच कळत नाही. त्या मिनिटात राहता आलं तर मी राहीन.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी तुझ्या शाळेत शोकसभा झाली. दादाला उभं राहवत नव्हतं म्हणून मी पुढच्या रांगेत. फळ्यावर रंगीत खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एक तेजस्वी तारा निखळला', आणि खाली शेपटी असलेली एक चांदणी. ज्या फळ्यावर तू सव्वीस वर्षं शिकवलंस, त्याच फळ्यावर. मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला की पदर तोंडात धरावा लागला. तारा निखळत नसतो. निखळते ती उल्का, आणि ती असते वाटाण्याएवढा खडा. हे मी नाही, तूच सांगितलेलं. नंतर एक सर बोलले की तारा विझला तरी त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येत राहतो, तसं मॅडमचं आहे. तू असतीस तर मागच्या बाकावरून उठून म्हणाली असतीस की नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे जवळजवळ सगळे जिवंत आहेत, सर, उगाच कशाला मारता त्यांना?

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. नणंद भावजयीबद्दल काय बोलणार, अशी उत्सुकता होती लोकांच्या तोंडावर. मी उभी राहिले आणि म्हणाले की वहिनीने मला बावीस वर्षं सांभाळलं. बसले. उरलेलं आता इथे लिहिते आहे.

तुझा ताऱ्यांचा धडा मला तोंडपाठ आहे, कारण वर्गात जाण्याआधी तू तो माझ्यावर करून बघायचीस, ओट्याशी पोळ्या लाटत. समज, आपल्याकडे तांदळाचं एक पोतं आहे आणि शेजारी दहा पोती. कोणाचा तांदूळ जास्त दिवस पुरेल? मी म्हणायचे, शेजाऱ्याचा. वर्गातली पोरंही हेच म्हणायची, आणि तुला तेच हवं असायचं. मग तू पोळी उलटत हळूच सांगायचीस की आपल्याकडे एका घराचा भात शिजतो आणि त्या शेजाऱ्याकडे रोज तीन हजार घरांची पंगत उठते. तांदूळ दहा पट, पंगत तीन हजार पट. आता सांग कोणाचं कोठार आधी रिकामं होणार ते. सूर्य म्हणजे आपलं एक पोत्याचं घर. तो एकूण हजार कोटी वर्षं जळेल, त्यातली निम्मी अजून व्हायची आहेत. त्याच्या दहा पट जड असलेला तारा मात्र दोन-तीन कोटी वर्षांत सगळं उधळून मोकळा होतो. आणि सूर्याच्या दहाव्या हिश्शाएवढा जो लाल बटू तारा, तो चिमटी चिमटीने शिजवतो. त्याला कित्येक लाख कोटी वर्षं पुरतं. विश्वालाच अजून चौदाशे कोटी वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे आजवर एकही लाल बटू म्हातारा होऊन गेलेला नाही. "एकाचंही तेरावं जेवलेलं नाही कोणी," असं तू म्हणायचीस, आणि वर्गात यावर हमखास हशा पिकायचा.

पण एवढी पंगत घालायला त्या बिचाऱ्याला सांगतं कोण, असं मी एकदा विचारलं. आपली दहा पोती बेताने वापरावीत की. तू लाटणं थांबवलंस. त्याचं वजन सांगतं, म्हणालीस. वर्गात तू वस्तुमान म्हणायचीस आणि घरात वजन. तारा स्वतःच्याच वजनाखाली सगळ्या बाजूंनी आत दाबला जात असतो. दाबला गेला की मध्ये तापतो, तापला की जळतो, आणि त्या जळण्याच्या जोरावर वरचा सगळा भार तोलून धरतो. भार जेवढा जास्त तेवढं जळणं जास्त. कमी जळून भागत नाही त्याचं.

"तो शायनिंग मारत नसतो गं, शैला. त्याला उभं राहायचं असतं, बस."

संध्याकाळी कधीतरी आपण गच्चीवर वाळवण काढायला जायचो. खाली भांडुपचा सगळा उतार, पाण्याची जाडजूड पाइपलाइन, पलीकडे मुलुंडच्या नव्या टॉवरांचे दिवे, आणि वर मोजून सात-आठ तारे. मला वाटायचं हीच आपल्या नशिबाची पुंजी. तू सांगितलंस की मुंबईतून दिसतात ते सगळे उधळ्या घरचे किंवा अगदी शेजारचे. आकाशात सगळ्यात जास्त संख्या लाल बटूंची आहे आणि त्यातला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारासुद्धा लाल बटूच, आणि तोही दिसत नाही. मग पापडांचं कापड खांद्यावर टाकून तू माझ्याकडे बोट दाखवलंस. तेव्हापासून मी तुझी लाल बटू. मला साडेनऊला झोप येते, मी एका नोकरीत पंचवीस वर्षं काढली, मी पायातल्या चपलाही पाच पाच वर्षं पुरवते. नाव अगदी फिट्ट बसलं. दादालाही ते कधी सांगितलं नाहीस, आपल्या दोघींतच ठेवलंस. आता मला तसं हाक मारणारं कोणी नाही.

दादाशी लग्न करून तू आलीस तेव्हा मी कॉलेजात होते. मग माझं लग्न झालं, घाटकोपरला गेले आणि तीन वर्षांत दोन बॅगा घेऊन परत आले. त्या दिवशी दार तू उघडलंस. मी काही सांगायच्या आत तू एक बॅग आत नेलीस, मग दुसरी, आणि कुकर लावायला गेलीस. आतली छोटी खोली मला दिली. त्या खोलीसाठी तुम्ही दोघांनी वेगळं काही मनात धरलं होतं, डॉक्टरांकडे फेऱ्या चालू होत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मी फक्त एवढंच बघितलं की भिंतीला नुकताच फिका पिवळा रंग दिलेला आहे. कोणासाठी, असं विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. मी माझं रडणं घेऊन त्या पिवळ्या खोलीत आले आणि बावीस वर्षं राहिले.

मग आई अंथरुणाला खिळली. सकाळी तिचं सगळं करून तू शाळेत जायचीस, मधल्या सुट्टीत चढ चढून घरी यायचीस, तिला दोन घास भरवून परत उतरायचीस. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये वस्तीतल्या पोरांचा फुकट वर्ग. कोणाची फी, कोणाचा दाखला, कोणाच्या घरी जाऊन पोरीचं लग्न आत्ता करू नका म्हणून सांगणं, सगळं तुझ्याकडे. लोक म्हणायचे, कुठून आणते ही एवढा उत्साह. मीही म्हणायचे. आई तेवढी म्हणायची नाही. ती खाटेवरून तुझ्याकडे टक लावून बघायची आणि तू बाहेर गेलीस की मला जवळ बोलवायची.

"तिका जरा बसाक सांग गो. ती बसना नाय."

मी हो म्हणायचे. सांगितलं मात्र कधीच नाही. तू बसली असतीस तर मला उठावं लागलं असतं, हे तेव्हा मनात आलं होतं की नव्हतं, ते आज मला नक्की सांगता येत नाही.

सहा वर्षांपूर्वीची संक्रांत आठवते ना? आठवणारच. हळदीकुंकवाला दरवर्षी तेच ते लुटलं जायचं, प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबणाच्या पेट्या. एक निळी चाळणी तर तीन घरं फिरून आपल्याकडेच परत आली होती. त्या वर्षी तू कंबर कसून जाहीर केलंस की यंदा तारे लुटू. पुठ्ठ्याची बत्तीस गोल कार्डं कापलीस, निळी, पांढरी, पिवळी, लाल रंगवलीस. प्रत्येकावर एका ताऱ्याचं नाव, वजन, उजेड आणि आयुष्य. अक्षर माझं चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. आईने खाटेवरून कपाळाला हात लावला. माझी मात्र कॉलर ताठ झाली होती, तुझ्या कामात मला पहिल्यांदाच वाटा मिळाला होता.

कामावरून आले की मी लिहायला बसायचे. पहिलं कार्ड चित्रेचं. निळा-पांढरा तारा. वजन, सूर्याच्या दहापटीहून जास्त. उजेड, सूर्याच्या हजारो पट. आयुष्य, कमी. तिथे माझा पेन अडला. ज्या सवाष्णीच्या कपाळाला कुंकू लावायचं, तिच्याच हातात 'आयुष्य कमी' असा कागद ठेवायचा? मी 'दीर्घ' लिहिलं. मग राजन्य, मग व्याध, अशी नऊ कार्डं केली. लाल बटूंना तर दीर्घ होतंच. सगळीकडे दीर्घ, सगळ्यांचं भलं. मला ते अजिबात खोटं वाटलं नाही, उलट तुझ्या शास्त्रात राहून गेलेली एक गोष्ट आपण निगुतीने सावरून घेतली असं वाटलं.

बायका जमल्या, अत्तर लावून झालं, कार्डं वाटली. पहिल्या मजल्यावरच्या पेडणेकर काकूंनी हौसेने मोठ्याने वाचून दाखवलं की त्यांच्या ताऱ्याला तेजही भरपूर आणि आयुष्यही. शेजारची म्हणाली, माझ्या ताऱ्याला उजेड नाही पण आयुष्य आहे, मग यात नियम तो काय? तू काकूंच्या हातून कार्ड घेतलंस, वाचलंस आणि माझ्याकडे बघितलंस. तुला सोडून देता आलं असतं. सण होता, बायका खूश होत्या. पण तू टेबलावरचा लाल पेन घेतलास, नऊच्या नऊ कार्डं गोळा केलीस, 'दीर्घ' खोडून 'कमी' लिहिलंस आणि ज्याची त्याला परत दिलीस, वर तांदळाच्या पोत्यांची गोष्टही सांगितलीस. काकांचं हृदयाचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं. काकूंनी कार्ड करंड्याशेजारी ठेवलं आणि तिळगूळ न घेता निघून गेल्या.

सगळ्या गेल्यावर स्वयंपाकघरात आपली जुंपली. तू कपबशा विसळत होतीस, मी पुसत होते.

"दिवसभर बाटल्यांवरची एक्स्पायरी तपासतेस आणि घरी येऊन खोटी लेबलं लावतेस?"

"सणाच्या दिवशी असं कोणाच्या हातात देतात का, वहिनी?"

"कमी म्हणजे वाईट, असं मी कुठे लिहिलं होतं?"

माझी नोकरी तीच. औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं, तारखा, बॅच नंबर. एक अंक इकडचा तिकडे झाला तर अख्खा लॉट बाजूला काढते मी. त्यामुळे तो टोला वर्मी बसला. मी चिडून म्हणाले की ताऱ्याला निवड नसेल, माणसाला असते, आणि माणसाने बेताने जळावं. तू म्हणालीस, भार घेतला की निवड संपते. मी म्हटलं, मग भार टाक. तू कपाची कड निरखत राहिलीस आणि म्हणालीस, कुठला टाकू ते तू सांग. मी पुढची बशी पुसायला घेतली. यादीत पहिलं नाव कोणाचं येईल ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तू काकूंकडे गेलीस. मला वाटलं माफी मागायला. तासाभराने आलीस ती लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन. काय बोललात म्हणून विचारलं तर म्हणालीस, काकांच्या ऑपरेशनचे कागद समजावून सांगितले, कोणी धड सांगतच नव्हतं त्यांना. विषय तिथे संपला. मला खोटं बोलणं जमलं नाही आणि तुला खरं बोलून माणसं तोडणंही जमलं नाही, असं काहीतरी मी तेव्हा मनाशी म्हणून घेतलं.

आता एक गोष्ट सांगते, तेव्हा न सांगितलेली. मी 'दीर्घ' लिहिलं त्याचं कारण पेडणेकर काकू नव्हत्याच. सवाष्णी, सण, शुभ-अशुभ, हे सगळं मी नंतर जुळवलं. चित्रेचं ते पहिलं कार्ड तू स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलं होतंस, त्याच्या मागे पेन्सिलने तुझं नाव होतं. तुझ्या नावाच्या मागच्या बाजूला मला 'कमी' लिहिता येईना. बाकीची आठ मी त्याच्या सोबतीला बदलली, म्हणजे एकट्या तुझ्या कार्डावर कोणाचं लक्ष जाऊ नये. इतकं साधं होतं ते. भांडणात मी एवढं म्हणाले असते तर तू रागावली नसतीस. कदाचित हसली असतीस आणि म्हणाली असतीस, चल, फेकू नकोस.

आई गेली. तुझा भार कमी होईल असं वाटलं, तर तू दहावीचा आणखी एक वर्ग मागून घेतलास. आणि मग गेल्या पावसाळ्यानंतर तू चढावर थांबायला लागलीस. रिक्षा खालीच सोडते, तिथून आपल्या गेटपर्यंत सहा-सात मिनिटांचा चढ, बावीस वर्षं आपण तो गप्पा मारत चढलो. आता तू वळणावर थांबायचीस आणि म्हणायचीस, बघ गं, त्या घराच्या पत्र्यावर दुधी काय लगडलाय. मी दुधी बघायचे. दुसऱ्या दिवशी तिथेच थांबून तू म्हणायचीस, ती मांजर व्यायलेली दिसते. मी मांजर बघायचे. तुझे ओठ सुकलेले असायचे आणि गळ्याशी ठोका उडताना दिसायचा. वहिनी, मला दिसत होतं. माझं कामच आहे बघायचं. तुला दम लागतोय, हे तीन शब्द मी एकदाही उच्चारले नाहीत. उच्चारलं तर ते खरं होईल असं वाटायचं. तीच माझी जुनी खोड, वाईट आहे ते लिहायचं नाही. तुझ्याबरोबर मीही थांबायचे आणि दुधी केवढा झालाय यावर बोलायचे.

तू तरी सांगायचंस. हा माझा राग आहे, आणि तो तेराव्याला गेला नाही, अजून घरातच आहे. दिवसकार्य आटपल्यावर दादाने मला बसवून घेतलं आणि सांगितलं की दिवाळीच्या आधीच तुम्ही दोघं डॉक्टरकडे जाऊन आला होता. हृदयाची झडप अरुंद झाली होती. ऑपरेशन करा, तोवर चढउतार बंद, शाळा बंद, असं त्यांनी बजावलं होतं. तू म्हणालीस, मुलांचा पोर्शन संपू दे, परीक्षा झाली की लगेच. दादा बापडा तुझ्यापुढे कधी बोलला आहे? आणि दवाखान्याच्या जिन्यात तू त्याला म्हणालीस, शैलाला सांगू नको, ती खचेल. आयुष्यभर खरं ते खरं म्हणालीस, बायकांनी भरलेल्या घरात नऊ कार्डं खोडलीस, आणि स्वतःचं कार्ड पदराखाली लपवलंस. माझ्यासाठी लपवलंस. माझ्यापेक्षा मोठं खोटं लेबल तू लावलंस, वहिनी, आणि तुझ्यावर लाल पेन चालवायला घरात कोणी नव्हतं.

परवा पहाटे स्वप्नात आलीस. आपला चढच होता, पण दोन्ही बाजूंना घरं नव्हती, नुसतं पिवळट ऊन होतं, त्या खोलीच्या रंगाचं. तू वळणावरच्या कठड्यावर बसली होतीस. पाय हलवत, हात मांडीवर, हातात वही नाही, पिशवी नाही. एवढी निवांत तुला मी जागेपणी कधी पाहिलेली नाही. मी जवळ येऊन बसले. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, पण मी आले आहे हे तुला कळलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. तिथे वेळेला घाई नव्हती. मला काहीतरी विचारायचं होतं आणि विचारलं नाही तरी चालेल असंही वाटत होतं. मग दूधवाल्याची बेल वाजली.

आणि आज सांगायचं ते हे. गेल्या रविवारी दहा वाजता हॉलमध्ये तुझी पोरं येऊन बसली. वर्ग बंद आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगूनही ती आली असतील. बारा जणं होती. वॉचमन मला बोलवायला आला. मी खाली गेले, त्यांना घरी जा म्हणून सांगायला. पुढे बसलेली साक्षी, तुझी लाडकी, दोन वेण्या घालणारी, तिने उभं राहून विचारलं, "मॅडम कशाने गेल्या? शाळेत कोणी नीट सांगत नाही. देवाला आवडल्या म्हणतात."

सगळे माझ्याकडे बघत होते. देवाला आवडल्या, हे माझ्याही तोंडात आलं होतं. सवयच ती. पण मी तुझी खुर्ची ओढली, बसले आणि त्यांना सांगितलं. हृदयाला झडपा असतात, त्यातली एक अरुंद झाली होती. चढावर त्यांना दम लागायचा. त्यांना माहीत होतं, त्यांनी सांगितलं नाही. मला दिसत होतं, मी विचारलं नाही. वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर बहुतेक वाचल्या असत्या. असं सरळ, एकामागून एक, बाटलीवरचं लेबल वाचावं तसं. कोणी रडलं नाही. साक्षी खाली बसली आणि म्हणाली, माझ्या आजीला जिना चढताना दम लागतो. मी म्हटलं, आज घरी जाऊन सांग. ती म्हणाली, आत्ता जाते, आणि दप्तर तिथेच टाकून पळाली.

पोरं गेल्यावर मी हॉलमध्ये एकटी बसून राहिले. बावीस वर्षं जे विचारायचं राहिलं ते तिथे, रिकाम्या बाकांसमोर, मोठ्याने विचारलं. वहिनी, मी जड झाले होते का तुला? उत्तर मला माहीत आहे. तू म्हणाली असतीस की वजन नसेल तर तारा पेटतच नाही, नुसता गारढोण गोळा होऊन फिरत राहतो. माझ्यामुळे, आईमुळे, या पोरांमुळे तू पेटलीस, असं काहीतरी सांगून तू मला गप्प केलं असतंस. बरोबरही असेल. शास्त्रात तू कधी चुकली नाहीस. पण मला ते पटत नाही, आणि आता पटवायला तू नाहीस, म्हणून हे भांडण माझ्याकडेच राहणार. त्या उजेडात मी बावीस वर्षं ऊबेला बसले, त्याबद्दल तुला कधी काही म्हणाले नाही, तेही आज म्हणते. माझं आयुष्य तू उभं केलंस. पण तीन हजार घरांची पंगत मला नको होती गं. एका घराचा भात पुरला असता. मला तू मंद असतीस तरी चालली असतीस, वहिनी. कमी उजेडाची, कमी हुशार, कोणाच्या फार उपयोगी न पडणारी. कोणी फळ्यावर नाव लिहिलं नसतं तरी चाललं असतं. तू नुसती असायला हवी होतीस.